तळचा ड्रॉवर

पहिला ड्रॉवर तयार झाला तसा तुळशीदासने तो गल्लीत आणला, दोन विटांवर ठेवला आणि त्यात बादलीभर पाणी ओतलं.

मी खिडकीतून बघत होते. हातात चार पायांची काठी, पायात नवे गुडघे. म्हटलं, उन्हाने डोकं फिरलं या माणसाचं. सागवानाचा नवाकोरा ड्रॉवर आणि त्यात पाणी!

"अवो," मी ओरडले, "त्यात जिरं-मोहरी ठेवायचीय. पापलेटं पाळायची नायत!"

त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. उकिडवा बसून तो ड्रॉवरखाली हात फिरवत राहिला. कोपऱ्यातून आधी चार थेंब पडले, मग तेही बंद झाले. तोवर गल्लीतली निम्मी माणसं गोळा झाली होती. समोरची चंपा मासळीची पाटी डोक्यावर घेऊनच थांबली आणि म्हणाली, "पार्वती, तुझा नवरा किचन बांधतोय का होरी?"

"लाकूर पानी प्यालं का फुगतं," तुळशीदास सगळ्यांना समजावून सांगत होता. "फुगलं का सांधा आपोआप बंद. बघ, हात लाव. थेंब नाय."

लोकांनी हात लावून बघितले, माना डोलावल्या. मला हसू आलं आणि बरंही वाटलं. पुष्कळ दिवसांनी त्याचं काम बघायला माणसं जमली होती.

तोंडावर मी त्याला 'अवो' म्हणते. मनात मात्र लग्नापासून तुळशीदासच म्हणत आले आहे, आणि एकेरी. इथे मनातलंच सांगतेय, तेव्हा चालवून घ्या.

तुळशीदास होड्या बांधणारा सुतार. वेसाव्याच्या किनाऱ्यावर एके काळी डोळे मिटून बोट दाखवलं तर ते त्याने बांधलेल्या होडीवरच पडायचं. माझा भाऊ धोंडिराम त्यानेच बांधलेल्या होडीवर जायचा. एकदा वादळात इंजिन बंद पडलं आणि होडी दोन रात्री वाऱ्यावर राहिली. इकडे आईने देव पाण्यात घातले होते. होडी परत आली तेव्हा धोंडिराम आधी आईकडे गेला नाही. तो तडक आमच्याकडे आला आणि तुळशीदासचे दोन्ही हात धरून उभा राहिला. तळाशी पाणी आलं नव्हतं, एवढंच तो सांगत होता, पुन्हा पुन्हा.

आता फायबरच्या बोटी आल्या. त्या साच्यातून निघतात. नारळी पौर्णिमेला होडीची पूजा करताना मालक आधी बांधणाऱ्याला बोलावून हळदकुंकू लावायला सांगायचा. तशी बोलावणी दर वर्षी कमी होत गेली. गेल्या वर्षी एकही आलं नाही. तुळशीदास त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून दुपारपर्यंत दाराबाहेरच्या ओट्यावर बसला होता.

माझ्या गुडघ्यांची गोष्ट वेगळी. बाजारात पाटासमोर बसून मासळी विकण्यात आणि घरी जमिनीवर बसून रांधण्यात ते झिजले. माघात दोन्ही बदलून घेतले. डॉक्टरांनी सांगितलं की आता खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, उकिडवं तर मुळीच नाही. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातलं एकही काम करायचं नाही! आमची चूल गेली, गॅस आला, पण तो वीतभर उंचीच्या ओट्यावर. डबे जमिनीवर, विळी जमिनीवर, मीही जमिनीवर.

आमचा मुलगा निमेश दहिसरला टॉवरमध्ये राहतो. मुलगा चांगला आहे, सून विनिता त्याच्याहून चांगली आहे. दोघं मला न्यायलाच आले होते.

"आई, तिकडे सगळं उभ्याने होतं. लिफ्ट आहे, खालीच दवाखाना आहे. इथे तू पडलीस तर?"

मला जायचं नव्हतं. तिथली हवा वाईट नाही, माणसंही वाईट नाहीत. पण तिथे मासळी फोनवर मागवतात आणि कापून डब्यात येते. मी तिथे पाहुणी. दोन दिवस ठीक, जन्मभर पाहुणी म्हणून कसं राहायचं? आणि तुळशीदास तिथे चौदाव्या मजल्यावर करणार तरी काय? ग्रिलला रंधा मारणार?

"मी इथेच उभ्याचं किचन करून घेते," मी म्हटलं.

निमेशने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ठीक. नारळी पौर्णिमेला आम्ही येऊ. तू तुझ्या किचनमध्ये उभी राहून, कुणाची मदत न घेता करंज्या कर. केल्यास तर मी परत विषय काढणार नाही. नाहीतर मुकाट सामान बांधायचं."

मी कबूल केलं. शब्द दिला की मी पाळते, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तर त्याने तो घेतला.

अंधेरीहून मॉड्युलर किचनवाला माणूस येऊन गेला. त्याने भिंतीवर लाल ठिपका पाडून मापं घेतली आणि नमुन्याचा तुकडा दाखवला. तुळशीदासने तो नखाने कुरतडला. "हे लाकूर नाय, पुठ्ठा हाय. आपल्या हवेत वर्षभरात याचा चिवडा होनार." ड्रॉवर सरकायचे लोखंडी चॅनेल दाखवले तर म्हणाला, गंज. माणूस चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी तुळशीदास जोगेश्वरीच्या लाकूडबाजारातून सागवानाच्या फळ्या घेऊन आला आणि म्हणाला, "आवऱ्या मोठ्या होऱ्या बांधल्या. खोका बांधता येनार नाय?"

खोका बांधणं सोपं नव्हतं, हे त्याला आठवड्याभरात कळलं. होडीत काटकोन कुठेच नसतो. फळी वाकवायची, अंगाला अंग लावून बसवायची, डोळ्याने जोखायची. पहिलं कपाट उभं केलं तर ते ओहोटीला टेकलेल्या होडीसारखं एका बाजूला कललं. मी हसले तर त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शेवटी अंधेरीच्या लोखंडवाल्यात फर्निचरची कामं करणाऱ्या कृणालकडून त्याने काटकोन बघायचा गुण्या मागून आणला. कृणाल गुण्या देताना म्हणाला, "काका, ड्रॉवरच्या चारी बाजूंनी फट ठेवा हां. कार्ड जाईल एवढी."

घरी आल्यावर तुळशीदास मला सांगून हसला. "फट ठेवा म्हनतो! मना!"

मीही हसले. मला काय माहीत होतं?

पण काम देखणं झालं, हे कबूल केलं पाहिजे. मला भिंतीला टेकून उभं केलं, कोपर दुमडायला सांगितलं आणि कोपराखाली खडूने रेघ मारली. ओटा त्या रेघेच्या हिशोबाने. त्याखाली एकावर एक पाच ड्रॉवर, बाजूला दोन कपाटं. एकही खिळा दिसत नव्हता. ड्रॉवर लाकडाच्याच पट्ट्यांवर सरकायचे आणि पट्ट्यांना त्याने मेणबत्ती घासली होती. ड्रॉवर बंद केला की चौकटीत नखसुद्धा शिरत नव्हतं. दुरून बघितलं तर एक सलग फळी वाटायची. पाण्याने भरून दाखवलेला तो पहिला ड्रॉवर उन्हात वाळवून त्याने सगळ्यात खाली बसवला. त्याची फळी सर्वांत चांगली होती, एकही गाठ नसलेली.

"तिथवर मी वाकनार कशी?" मी विचारलं.

"नको वाकू. तळ चांगला पायजे," तो म्हणाला.

जूनमध्ये मी त्या ओट्यापाशी उभी राहून पहिल्यांदा कालवण केलं. बोंबील उभ्यानेच कापले. हात वर न करता, पाठ न वाकवता मीठ हाताशी, हळद हाताशी, तांदूळ हाताशी. इतकी वर्षं मी रांधत आले, पण कोणी माझं अंग मोजून माझ्यासाठी काही केलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की कालवणात मीठ दोनदा पडलं. तुळशीदासने खाल्लं आणि वर पाण्याचा तांब्या संपवला.

आषाढात ड्रॉवर जड झाले.

आधी वाटलं, मीच भरले जास्त. थोडं सामान काढलं. मग दुसरा ड्रॉवर अर्ध्यावर अडायला लागला. मग तिसरा सकाळी उघडायचा आणि संध्याकाळी नाही. हवा अशी ओली की वाळत घातलेलं फडकं तीन दिवस वाळेना, आणि घरातलं सगळं लाकूड ती हवा पीत होतं. दाराला सवय होती, त्याची झीज झाली होती. हे नवं लाकूड फुगलं आणि त्याला फुगायला जागाच नव्हती. तुळशीदासने गल्लीत जे शाबासकी घेत दाखवलं होतं, तेच आता माझ्या ओट्याखाली होत होतं.

मी कोणाला सांगितलं नाही. निमेशला सांगितलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन आला असता. आणि तुळशीदासला कसं सांगणार? रोज संध्याकाळी तो येता-जाता त्या फळ्यांवरून हात फिरवायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचा. त्याला म्हणायचं की तुमचं काम वाया गेलं? माझी जीभ धारदार आहे, बाजारात तिचा दरारा आहे, पण तिथे ती चालेना. मी लागेल ते सामान ओट्यावर मांडून ठेवायला लागले. त्याने विचारलं तर म्हणायचे, हाताशी बरं पडतं. ड्रॉवर उघडायचाच असला तर तो बाहेर गेल्यावर कालथ्याचं टोक वरच्या कडेत खुपसून हिसका मारायचे. हिसका मारला की गुडघ्यात कळ जायची. तरी चालवून नेलं.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी निमेश आणि विनिता लवकर आले. बाहेर कोळीवाड्यात बँडवाले जमत होते, सोनेरी कागद लावलेला नारळ पालखीत बसवत होते. तुळशीदास इस्त्रीचा सदरा घालून दाराबाहेरच्या ओट्यावर बसला होता, गेल्या वर्षीसारखाच. निमेश स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वा! मस्त झालंय गं. कर सुरू."

मी पीठ भिजवलं, सारण केलं, पाऱ्या लाटल्या. सगळं उभ्याने. विनिता कौतुकाने बघत होती. करंजी मिटली आणि कातण्यासाठी हात पुढे केला तर ओट्यावर कातणं नाही. सगळं बाहेर काढून ठेवलं होतं, कातणं राहिलं तिसऱ्या ड्रॉवरमध्ये.

मी ओढला. हलला नाही. दोघं बघत होती, म्हणून हसून पुन्हा ओढला. मग दोन्ही हातांनी धरून, पाय रोवून, सगळं अंग मागे टाकून ओढला. तो एकदम सुटला आणि पुरता बाहेर आला. चमचे, चिमटे, कातणं सगळं अंगावर, ड्रॉवर फरशीवर, आणि मी मागे.

मागे तांदळाची गोणी होती, म्हणून वाचले. गोणीवर बसकण मारली गेली, गुडघे फार दुमडले नाहीत.

निमेशने मला उचलून उभं केलं. तो पांढराफटक पडला होता. त्याने वरून पहिला ड्रॉवर ओढून बघितला, दुसरा ओढला, चौथा ओढला. एकही हलला नाही. मग तो वळला.

"आई, बस झालं. आज तू आमच्याबरोबर येतेस."

मी मान खाली घातली. शब्द दिला होता. घर सोडायचं या विचाराने माझे डोळे भरले आणि मी ते पुसलेही नाहीत.

आवाज ऐकून तुळशीदास आत आला होता. त्याने मला नीट पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं, मग ड्रॉवरकडे. चौकटीच्या कडेवरून नख फिरवलं. त्याला एका क्षणात कळलं.

"कवापासून?"

"आषाढापासून."

"आनि मना सांगितलं नाय?"

"काय सांगू? तुम्ही रोज हात फिरवताव त्याच्यावरून."

तो खाली बसला, त्या बाहेर आलेल्या ड्रॉवरजवळ. बाहेर बँड वाजायला लागला होता.

"बाबा," निमेश म्हणाला, "थोडं तासलं तर नाही का होणार?"

"होईल ना. सगळीकडून तासायचं. फट ठेवायची." तुळशीदासने ड्रॉवरची कड चाचपली. "चाळीस वर्षं माज्या हातानं फट ठेवली नाय रे. फट म्हंजे मानूस गेला. हात वळत नाय त्याला."

मी आता आवाज चढवला. मला राग आला होता, त्याचा नाही, या सगळ्याचा.

"अवो, यात बसून कोन समुद्रात जानार हाय? जिरं? बुडलं तर बुडू दे जिरं! माज्यासाठी केलाव ना तुम्ही हे? मंग माज्यासाठी फट ठेवा. नायतर मी चालले दहिसरला, आनि तुमीपन चला."

विनिताला हसू फुटलं, तिने पदर तोंडाला लावला. तुळशीदासने माझ्याकडे पाहिलं. मग उठला, इस्त्रीचा सदरा काढून खुंटीला लावला आणि रंधा घेऊन आला.

"निमेश, एक तास दे तुज्या आयेला."

निमेशने घड्याळ बघितलं नाही. त्याने ड्रॉवर उभा धरला. लहानपणापासून त्याने बापाच्या हत्याराला हात लावला नव्हता, तुळशीदासनेच लावू दिला नव्हता. म्हणायचा, शीक आणि ऑफिसात जा. आता दोघं समोरासमोर बसले. पहिल्यांदा रंधा फिरवताना तुळशीदासचा हात थांबला, परत फिरला. पातळ साल गुंडाळत फरशीवर पडली. तिसऱ्या ड्रॉवरच्या मोकळ्या जागेतून आत हात घालून निमेशने मागून ढकलत पहिला, दुसरा आणि चौथा बाहेर काढला. एकेक तासून, मेण घासून परत बसवला. आता चारही बाजूंनी कार्ड जाईल एवढी फट दिसत होती. सलग फळी राहिली नव्हती. तुळशीदास फटीकडे बघत नव्हता.

मी ड्रॉवर एका बोटाने ओढला. आला. ढकलला, गेला.

"आता खालचा," निमेश म्हणाला आणि पाचव्याला हात घालायला वाकला.

"त्याला हात लावू नको," मी म्हटलं.

"अगं, तो तर सगळ्यात घट्ट बसलाय."

"बसू दे. मला वाकायची बंदी आहे. तो उघडायचा कोणाला आहे?"

तुळशीदासने रंधा खाली ठेवला. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी मुद्दाम करंज्यांकडे वळले. धोंडिराम दारात उभा राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, तो दिवस मला आठवत होता. तळाशी पाणी आलं नव्हतं.

करंज्या मी उभ्याने केल्या, एकटीने. निमेश फरशीवरच्या साली गोळा करत होता. पहिली करंजी कढईतून निघाल्यावर त्याने ती फुंकर मारत खाल्ली आणि म्हणाला, "नारळ थोडा कमी पडलाय." दहिसरचं नाव त्याने काढलं नाही. त्यावरून मी समजले.

पालखी निघायची वेळ झाली. मी पूजेचं ताट केलं. तुळशीदासने सदरा चढवला आणि गर्दीत मागे कुठेतरी उभा राहायला म्हणून चपला घालू लागला.

"अवो, आधी इकडे या," मी म्हटलं. "बांधणाऱ्याने आधी लावायचं असतं."

त्याला आधी कळलं नाही. मग मी ताट त्याच्या हातात दिलं आणि खाली बोट दाखवलं. तो गुडघे टेकून बसला. पाचव्या ड्रॉवरच्या गाठ नसलेल्या फळीवर त्याने हळद लावली, कुंकू लावलं, आणि हात तिथेच ठेवून बसून राहिला. त्याची पाठ हलत होती. विनिताने निमेशचा हात धरून त्याला बाहेर नेलं.

थोड्या वेळाने तुळशीदासने नाक ओढलं आणि वर न बघता विचारलं, "नारळ फोरायचा?"

"फोडा," मी म्हटलं. "पण फरशी तुम्ही पुसायची. मला वाकता येत नाही."